प्रसाद बाधला तर दोष कोणाचा?



माघ शुद्ध एकादशीची गोष्ट. दिनांक २० फेब्रुवारी २०२४, वार मंगळवार. बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यात सोमठाणा म्हणून गाव आहे. तेथे हरिनाम सप्ताह चालू होता. एकादशी असल्यामुळे भगर आणि आमटी असा फराळाचा प्रसाद होता. गावची नि शेजारची माणसे पंगतीला बसली, जेवून उठली, आणि काही वेळाने एकेकाला मळमळ, उलट्या, जुलाब सुरू झाले. पाचशेच्या आसपास माणसे, असा आकडा त्या वेळी वर्तमानपत्रांत आला. दवाखान्यात खाटा पुरेनात, तेव्हा बाहेर दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या अडकवल्या आणि माणसांना खाली जमिनीवर निजवले. ती छायाचित्रे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. पांडुरंगाची कृपा म्हणा, डॉक्टर मंडळींची धावपळ म्हणा, जीव कोणाचा गेला नाही.

सोमठाण्याच्या लोकांना दूषण देण्यासाठी हे सांगत नाही. जे तेथे झाले ते आपल्या कोणत्याही गावी झाले असते. झाले नाही एवढेच. पुढे काही दिवसांनी आमच्या दिंडीची बैठक बसली असता हा विषय निघाला. एक बुवा म्हणाले, ''भोग असतात, ते भोगूनच संपवायचे.'' दुसरे म्हणाले, ''आचाऱ्याला धरायला पाहिजे.'' कोपऱ्यात एक वयस्क बाई बसल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, ''पण माउली, परसादाला नाही कसं म्हणायचं?'' पहिल्या दोघांशी वाद घालता आला असता. बाईंच्या प्रश्नापुढे मात्र सगळेच गप्प झाले, आणि तो प्रश्न माझ्या मनातून काही जाईना.

प्रश्न वरवर साधा दिसतो. आपण खानावळीत जेवायला गेलो तर ताटाकडे बघतो, वास घेतो, भाजी आंबूस लागली तर मालकाला हाक मारतो, पैसे टाकून उठूनही जातो. पंगतीत यातले काहीच करता येत नाही. पानावर पडलेले टाकू नये, अन्नाला नावे ठेवू नयेत, प्रसाद कपाळाला लावून मुखात घालावा, ही शिकवण आपल्याला आईच्या मांडीवर मिळाली. ती वाईट आहे असे मुळीच नाही. या शिकवणीमुळेच आपल्या पंगतीत कोणी ताट बघून नाक मुरडत नाही, सावकार आणि मजूर एकाच ओळीत एकच पदार्थ खातात. परंतु तिचा दुसरा अर्थही लक्षात घेतला पाहिजे. खाणाऱ्याला अन्न पारखण्याचा जो हक्क असतो तो आपण त्याच्याकडून काढून घेतला. बरे, तो हक्क मग गेला कुठे? हवेत विरला काय? माझ्या अल्प बुद्धीला असे वाटते, की तो वाढणाऱ्याच्या गळ्यात पडला. जो नाही म्हणू शकत नाही त्याच्या पानावर वाढायचे, तर त्याच्या वतीने आधी आपण नाही म्हणायला तयार असले पाहिजे.

याला एक दुःखद दाखला आहे. २०१३ च्या जुलै महिन्यात बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण खाऊन २३ मुले दगावली. पिकावर मारायचे कीटकनाशक स्वयंपाकाच्या तेलात गेले होते. तेल बरोबर दिसत नाही अशी शंका आपल्याला आली होती, असे स्वयंपाकीणबाईंनी पुढे सांगितले. ती बाई स्वतःही ते अन्न चाखून आजारी पडली. मुलांना नाही म्हणता येत नव्हते. जिला शंका आली तिच्या शब्दाला वजन नव्हते. ज्यांच्या शब्दाला वजन होते त्यांनी ते वापरले नाही. शाळेतले अन्न मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखून पाहावे असा नियम आहे, तो कशासाठी हे अशा प्रसंगी कळते. आपल्या सप्ताहात मात्र नैवेद्य दाखवण्याआधी अन्न चाखणे म्हणजे उष्टे करणे. त्यामुळे त्या वाटेनेही परीक्षा होत नाही. देवाला नैवेद्य दाखवून झाल्यावर आणि पंगत बसण्याच्या आधी मध्ये अर्धा तास मोकळा असतोच की! तेवढ्यात दोघा जाणत्यांनी खाऊन पाहिले तर कोणता शास्त्रार्थ मोडतो, ते मला कोणी समजावून सांगावे.

आता भगरीविषयी थोडे. आम्हां नाशिककरांचा आणि भगरीचा संबंध जुना आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या डोंगराळ मुलखात उतारावरच्या हलक्या जमिनीत नागली आणि वरई ही आदिवासी शेतकऱ्यांची पिके. राब भाजून रोप करायचे, पावसात लावणी करायची, दिवाळीच्या आगेमागे कापणी. वरईचा दाणा टरफलात असतो तोवर वरई. कांडून टरफल काढले की भगर. पूर्वी बायका हे उखळात करीत. आता नाशकात भगरीच्या गिरण्या आहेत आणि येथून ती दूरदूरच्या बाजारांत जाते. वनस्पतिशास्त्राने पाहिले तर ही ज्वारी-बाजरीसारखीच भरड धान्यातली; संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून पाळले त्यात हिचीही गणना होती. आपण मात्र तिला धान्यात न धरता फराळात धरतो. काही घरांत एकादशीला भगर चालत नाही, शिवरात्रीला चालते. तो वाद फडकरी मंडळींनी सोडवावा, मी त्यात पडत नाही.

भगरीत दोष काही नाही. पचायला हलकी, दमल्या वारकऱ्याला आधार देणारी. पण दाण्यावरचे टरफल निघाले की त्याचे चिलखत गेले. मग ती ओल धरते. दमट जागी पडून राहिली की तीवर अॅस्परजिलस जातीची बुरशी येते आणि ती बुरशी फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषारी द्रव्ये दाण्यात सोडते. भगर धुतली, शिजवली, तरी बुरशीने आधी करून ठेवलेल्या विषाचा भरवसा देता येत नाही. महाराष्ट्राचे अन्न व औषध प्रशासन नवरात्राच्या, शिवरात्रीच्या सुमाराला वेळोवेळी लोकांना बजावत असते: सुटी भगर घेऊ नका, बंद पुड्यातली, तारीख पाहून घ्या, तयार पीठ आणू नका, कारण पीठ हवेतली ओल दाण्यापेक्षा लवकर ओढते, साठवायची ती कोरड्या जागी, झाकून, आणि फार दिवस नाही. ही पत्रके वर्तमानपत्रात येतात आणि त्यातच भजी बांधली जातात.

दुसरी भीती शिजवल्यानंतरची. भात असो, भगर असो, त्यात काही जंतूंची बीजे उकळीतही मरत नाहीत. अन्न कोमट राहिले की ती जागी होतात आणि विष तयार करतात. बॅसिलस सिरियस हे त्यांतल्या एकाचे नाव. त्याचे एक विष असे चिवट, की अन्न पुन्हा गरम केले तरी जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की शिजलेले अन्न उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, ठेवायचेच तर ६० अंशांच्या वर कढत ठेवावे. आता आपला सप्ताह डोळ्यांपुढे आणा. आचारी पाच वाजता काहील उतरवतो, कारण त्याला दुसऱ्या गावची सुपारी असते. कीर्तन साडेसातला उभे राहायचे ते पाहुण्यांच्या सत्कारामुळे साडेआठला उभे राहते. बुवा रंगात आले की घड्याळ कोण बघतो? आणि बघितले तरी बुवांना सांगणार कोण? पहिली पंगत दहाला, शेवटची साडेअकराला. शेवटच्या पंगतीत कोण असते? स्वयंपाकाला राबलेल्या बायका आणि त्यांची झोपलेली, उठवून बसवलेली पोरे. सोमठाण्यात नेमके काय बिघडले ते सांगणे प्रयोगशाळेचे काम. मी सांगतो आहे ते आपल्याकडे दर वर्षी काय घडते ते.

येथे एक पूर्वपक्ष उभा राहतो आणि त्याला टाळून पुढे जाणे बरे नाही. कोणी म्हणेल, ''तुम्ही वारकरी म्हणवता आणि जंतूंची भीती घालता? विठ्ठलाच्या नामात शिजलेले अन्न बाधत नसते. बाधले तर तुमच्या भावात काही उणे आहे.'' असे म्हणणारे ढोंगी असतात असे नाही. त्यांतले काही माझ्याहून पुष्कळ मोठे साधक आहेत. त्यांना मी तेरच्या गोरोबाकाकांची आठवण देतो. काका चिखल तुडवताना नामात असे रंगले, की आपलेच रांगते मूल पायाखाली आले ते त्यांना कळले नाही. कीर्तनात ही कथा आपण नेहमी ऐकतो, आणि पुढे देवाने मूल परत दिले तेथे टाळ्या वाजवतो. पण मधल्या भागात, मूल दिसेनासे झाले आणि आई धावत आली, तेथे आपण किती वेळ थांबतो? तिने काय करायचे होते? काकांच्या भावात उणे होते असे कोणी म्हणणार नाही. भाव पूर्ण होता आणि मूल चिरडलेही गेले, या दोन्ही गोष्टी त्या कथेत एकाच वेळी खऱ्या आहेत. भाव असला म्हणजे पायाखाली काय आहे ते आपोआप दिसते, असे ती कथा कोठेही सांगत नाही. आणि मूल परत मिळणे हा गोरोबाकाकांचा अधिकार. आपण सप्ताह कमिटीची माणसे; आपल्याला तेवढी उधारी मिळणार नाही.

पंढरीच्या वारीत एके काळी पटकी येत असे. वारकरी वाटेत मरत, गावोगाव साथ नेत. त्या काळी नामस्मरण कमी होते काय? मुळीच नाही. पाण्याची व्यवस्था सुधारली, टोचणी आली, तशी पटकी हटली. नाम आधीही होते आणि नंतरही राहिले. नामाला नळाचा मत्सर वाटला असे काही ऐकिवात नाही.

उलट बाजूचेही लोक आहेत. ते म्हणतात, आमच्याकडे सोवळे होते, शुद्धता होती, ती सोडली म्हणून हे भोग. सोवळ्यात चांगले होते ते मी नाकारत नाही. धुतलेले वस्त्र, ताजे पाणी, घासलेली भांडी, ओल्या हाताने पिठाला न शिवणे, यांत अक्कल होती. परंतु सोवळ्याचा मोठा जोर कशावर राहिला? कोणाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबवायचे यावर. चोखोबांना महाद्वाराबाहेर ठेवणारे तेच, आणि नाथांनी श्राद्धाचे अन्न भुकेल्या अस्पृश्यांना वाढले तेव्हा बहिष्काराची भाषा करणारेही तेच. माणूस दूर ठेवण्यात इतकी शक्ती खर्च झाली, की कणगीतली बुरशी कोणाच्या डोळ्यांत आली नाही. विटाळ ज्याचा मानायचा त्याचा मानला नाही, असे मला वाटते. असो.

आता जे सांगायचे ते माझ्या अंगावरचे आहे, म्हणून इतका वेळ लांबवले.

आमच्या सप्ताहाचा खजिनदार म्हणून काही वर्षे मी काम पाहतो. एका वर्षी गावच्या एका गृहस्थाने एकादशीच्या फराळाची पंगत अंगावर घेतली आणि भगरीची दोन पोती वीस दिवस आधीच देवळात आणून टाकली. मागच्या खोलीत टाकीच्या भिंतीला ओल आहे हे मला ठाऊक होते. पोती तेथेच ठेवली गेली, मीच कुलूप लावले. एकादशीच्या सकाळी निवडायला बायका बसल्या. त्यांत एक म्हातारी मावशी होती. घरची गरिबी, अक्षरशत्रू, पण धान्याची पारख अशी की व्यापारी तिला विचारीत. तिने ओंजळभर भगर सुपात घेतली, नाकाशी नेली आणि सूप खाली ठेवले. ''कुबट वास येतोय. ही नका घालू.''

कमिटीची माणसे जमली. कोणी म्हणाले, तीन पाण्यांनी धुतली की जाईल. कोणी म्हणाले, तुपाजिऱ्याची फोडणी दिली की कळायचे नाही. देणगीदार समोरच बसले होते, त्यांचा चेहरा उतरला. माझ्याही नाकाला तो वास आला होता. मी काही बोललो नाही. पुढच्या वर्षी मंडपाचा खर्च त्यांनी देऊ केला होता, हे खजिनदाराच्या डोक्यात होते. खोटे कशाला सांगू?

मावशी म्हणाली, ''बरं. मग असं करा. पहिल्या पंगतीला तुम्ही समदे बसा, देणारे बी बसू द्या. चार तास थांबू. मग बायकापोरांना वाढा.''

कोणी बसले नाही.

दोन्ही पोती बाजूला काढली. संध्याकाळी राजगिऱ्याचे लाडू, केळी आणि शेंगदाणे-गूळ असा प्रसाद झाला; लोक कुरकुरले, पण सगळे धड घरी गेले. पोत्यांचे काय करायचे यावर पुन्हा वाद. अन्न टाकायचे म्हणजे पाप, गुरांना घाला, असे एकजण म्हणाला. बुरशी लागलेले गुरांनाही बाधते. त्यांना तर पंगतीतल्या माणसाइतकेही बोलता येत नाही. शेवटी ओढ्याकाठी खड्डा करून पुरले. अन्नाला ब्रह्म म्हणणारी माणसे आम्ही, ते काम करताना हात जड झाले हे कबूल करतो. पण ओल्या भिंतीशी पोती ठेवली तेव्हाच ते अन्न आम्ही टाकले होते. पुरले नंतर, एवढाच फरक.

देणगीदार पुढच्या वर्षी आले नाहीत. त्यांना आम्ही दुखावले यात शंका नाही. त्यांनी श्रद्धेने दिले, चांगल्या दुकानातून चांगल्या भावाने घेऊन दिले. बिघाड आमच्या खोलीत झाला, अपमान त्यांचा झाला. या जागी माझा विचार अडतो. वाढणाऱ्यावर जबाबदारी आहे हे म्हणणे सोपे. पण सप्ताहात वाढणारा म्हणजे कोण? देणारा वेगळा, साठवणारा वेगळा, शिजवणारा वेगळा, वाढणारी पोरे वेगळी. प्रत्येकाचा वाटा इतका लहान, की पाचशे माणसे आजारी पडली तरी प्रत्येकाला खरेपणाने म्हणता येते, मी काय केले? आचाऱ्याला धरा म्हणणारे म्हणूनच चुकतात असे मला वाटते. आचाऱ्याने दिले ते शिजवले. तो दोषी असला तर सगळ्यांत शेवटचा. ज्याला वास आला आणि जो गप्प बसला, तो त्याच्या आधी.

म्हणून आम्ही एक केले. कागदावर एका माणसाचे नाव लिहिले. निवडणे, साठवणे, चूल कधी पेटवायची, पंगत कधी बसवायची, हे त्याच्या हाती, आणि नको म्हणायचा अधिकारही त्याचाच. त्यावर अध्यक्षांनी किंवा देणगीदाराने बोलायचे नाही. पहिल्या वर्षी ते नाव मावशीचे होते. तिने सही म्हणून अंगठा दिला आणि पहिली आज्ञा केली ती कीर्तनकार महाराजांना: ''माउली, आधी पंगत, मंग कीर्तन.'' महाराज मोठे मनाचे, हसून हो म्हणाले. भगर त्या वर्षी तीन दिवस आधी बंद पुड्यांतून आणली. दर काहिलीतले वाटीभर अन्न झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत बाजूला ठेवू लागलो, काही झालेच तर डॉक्टरला दाखवता यावे म्हणून.

मोठ्या देवस्थानांसाठी केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने एक योजना काढली आहे. तपासणी होते, स्वयंपाक्यांना शिकवतात, प्रमाणपत्र देतात. योजनेचे नाव ठेवले आहे 'भोग'. नाव ठेवणाऱ्याच्या मनात देवापुढचा भोग असणार. पण आमच्या बैठकीतल्या बुवांचा भोग मला लगेच आठवला. नशिबाचा म्हणून जो आपण मुकाट सोसतो, त्यातला किती आपल्याच काहिलीतून निघालेला असतो, हे एकदा मोजायला हवे. आमच्यासारख्या लहान गावच्या सप्ताहापर्यंत ते प्रमाणपत्र पोचायला वेळ लागेल. तोवर सूप आहे, नाक आहे, घड्याळ आहे.

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथ महाराजांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी दिंड्या येतात, थंडीत चालून आलेली माणसे रस्त्याच्या कडेला जो देईल तो फराळ हात जोडून घेतात. ज्येष्ठात नाथांची पालखी पंढरीकडे निघते, तेव्हाही तेच. वाटेवर गावोगावचे लोक वारकऱ्याच्या हातावर काही ठेवल्याखेरीज त्याला पुढे जाऊ देत नाहीत. घेणारा कोणाचे नाव विचारत नाही, कधी शिजवले ते विचारत नाही. 'माउली' म्हणून पुढे केलेल्या हाताकडे तो आई म्हणूनच पाहतो. बाईंनी विचारले होते, परसादाला नाही कसे म्हणायचे. बाई, तुम्ही म्हणू नका. ते आमच्यावर सोपवा, आणि आम्ही ते केले की नाही, एवढे मात्र खुशाल विचारा.

मावशी दोन वर्षांपूर्वी वारली. तिचे सूप देवळातच आहे. त्या देणगीदार गृहस्थांकडे मी अजून गेलेलो नाही. ओल्या भिंतीची गोष्ट त्यांना मी सांगायला हवी होती, ती गावातल्या दुसऱ्या कोणी सांगितली असेल की नाही कोण जाणे. येत्या एकादशीच्या आधी जाऊन येतो.

रामकृष्णहरि.